जागचं न हललेलं पथक

साईनगर, अमरावती
६ ऑगस्ट २०२५

अनीसा,

तुझा पत्ता तुझ्याबरोबर शिकलेल्या आरतीने दिला. देताना तिने विचारलं, "सर, तिला सांगून देऊ का?" मी म्हटलं, सांगू नकोस. जठारपेठेत राहतेस आणि उर्दू हायस्कूलमध्ये इतिहास शिकवतेस, एवढं तिच्याकडून कळलं. यापेक्षा जास्त विचारायचा धीर झाला नाही.

फोन करता आला असता. पण फोनवर माझा आवाज चढतो, हे तुला ठाऊक आहे. शिवाय तू फोन ठेवून दिलास तर दुसऱ्यांदा लावायचं बळ माझ्यात नाही. म्हणून स्पीड पोस्टाने लिहितो.

मुद्द्याचं सांगतो. सुभानजी गावंडे याच्यासंबंधी एक नवीन कागद उजेडात आला आहे. मोडी, एकच पान, अक्षर खुद्द त्याचं. भोसल्यांच्या यादवीच्या काळात मोर्णेच्या नाल्यावर त्याचं पथक लढाईच्या ऐन वेळी जागच्या जागी उभंच राहिलं. मी पुस्तकात लिहिलं, भाऊबंदांचं रक्त सांडायला नको म्हणून. तू प्रबंधात लिहिलंस, मानपानाच्या रागाने. हा कागद तुझ्या बाजूने बोलतो.

तू बरोबर होतीस. हे कळवणं माझं काम होतं, ते केलं.

तुझ्याकडे अचलपूरच्या फारसी कागदांच्या नकला असतील. शक्य असल्यास पाठवाव्यात. रुख्मिणी तुझी आठवण काढते. तिने मला हे पत्र तीनदा फाडायला लावलं, प्रत्येक वेळी म्हणाली, "यात माफी कुठी हाय?" या चौथ्यातही ती तिला सापडलेली नाही.

शेखर ठोंबरे


साईनगर, अमरावती
२१ ऑगस्ट २०२५

अनीसा,

पंधरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. ते अपेक्षितच होतं.

तरीही लिहितोय, कारण एक काम अडलं आहे. शेंदूरजनाघाटचे पंजाबराव गावंडे तुला आठवत असतील, सुभानजीचे वंशज. माझं पुस्तक आलं तेव्हा त्यांनी गावात माझी मिरवणूक काढली होती. ते तीन वर्षांपूर्वी गेले. आता त्यांचा मुलगा धर्मेंद्र गावाच्या वेशीला सुभानजीच्या नावाची कमान बांधतो आहे आणि त्याला माझ्याकडून दोन पानांचं चरित्र हवं आहे. "सर, सोपं लिहा, पोरांले समजलं पाह्यजे," म्हणाला.

लिहायला बसलो की हात थांबतो. म्हणून ठरवलं, आधी तुला लिहून पाहावं. यातलं तुला सगळं पाठ आहे, पण मी हे पहिल्यांदाच तुझ्या बाजूला बसून लिहितोय. कुठे चुकलं तर सांग.

सुभानजी दर्यापूरकडच्या एका पाटलाचा धाकटा मुलगा. सतराव्या वर्षी घरची एक घोडी घेऊन नागपूरकर भोसल्यांच्या फौजेत शिलेदार झाला. तिशी गाठेपर्यंत त्याच्यामागे दीडशे स्वार होते. एवढं चढायला माणसाला शौर्य लागतं, किंवा गोड बोलणं लागतं. गोड बोलणं त्याच्याकडे नव्हतंच.

त्या दिवसांतला त्याच्याबद्दलचा असा एकही कागद नाही ज्यात कोणाची तक्रार नाही. नदीवर घोड्यांना आधी पाणी कोणी पाजायचं यावरून त्याने दुसऱ्या सरदाराचे घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराला चाबकाने झोडलं. दसऱ्याला मिळालेला मानाचा पोशाख परत पाठवला, का, तर शेजारच्या पथक्याची पगडी त्याच्यापेक्षा चार हात लांब होती. त्याची घोडी एकदा खिळा लागून लंगडली, तर त्याने नालबंदाची हत्यारं विहिरीत टाकली. पुढचं मात्र मी पुस्तकात ठळक लिहिलं होतं आणि ते खरंच आहे: त्यानंतर तो स्वतः नाल ठोकायला शिकला, आणि पथकातल्या प्रत्येक घोड्याचा पाय स्वतः उचलून पाहिल्याशिवाय जेवायला बसत नसे. स्वार त्याच्यावर जीव टाकायचे. वरच्यांना मात्र तो डोळ्यांसमोर नको असायचा.

मग भोसल्यांच्या घरात गादीवरून दोन भाऊ एकमेकांवर उठले. वऱ्हाडातली गावंच्या गावं दोन बाजूंना वाटली गेली. सुभानजीने तीन वर्षांत दोनदा बाजू बदलली. मी त्याला 'तत्त्वाची घालमेल' म्हटलं. तू तळटीपेत लिहिलंस की पहिल्या वेळी एका कारभाऱ्याने त्याला तीन घटका दारात उभं ठेवलं होतं, दुसऱ्या वेळी त्याला न विचारता त्याच्या तळाची जागा बदलली. तेव्हा मला तुझी ती तळटीप छचोर वाटली होती. काल पुन्हा काढून वाचली. मला ती खोडता येईना.

रुख्मिणी माझ्या खांद्यावरून वाचते आहे. म्हणते, "तुमी अन् तो सारखेच. तो घोड्यावर बसून भांडे, तुमी खुर्चीत बसून भांडता."

नकला पाठवशील का?

शेखर ठोंबरे


अकोला
२ सप्टेंबर २०२५

सर,

दोन्ही पत्रं मिळाली.

'नवीन' कागद नेमका कधी सापडला?

अनीसा


साईनगर, अमरावती
१८ सप्टेंबर २०२५

अनीसा,

तुझी ती एक ओळ बारा दिवस माझ्या टेबलावर आहे. सुरुवातीला राग आला. मग उत्तरं तयार केली. एक उत्तर असं होतं की पंजाबरावांच्या निधनानंतर घर आवरताना तो निघाला. ते मी लिहिलंही. रुख्मिणीने वाचलं आणि ते पान टेबलावर उलटं ठेवून आत गेली.

तो कागद मला २०१० च्या दिवाळीत मिळाला.

पंजाबरावांनी दिला, त्यांच्या ओसरीवर, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. म्हणाले, "घरातला हाय, कोनाले वाचता येत नाही. तुमी वाचून ठेवा अन् आमाले सांगा." मी घरी आणून त्याच दिवशी वाचला. मोडी स्वच्छ होतं, तासाभरात लागलं. नंतर पंजाबरावांना सांगितलं की घरगुती देवघेवीचा कागद आहे, विशेष काही नाही. त्यांनी विश्वास ठेवला. परत मागितला नाही, आणि मी दिला नाही.

तो असा आहे. जशाचा तसा उतरवतो.

"शेर महंमद जमादार यांसी सुभानजी गावंडे याचा सलाम. नाल्यापलीकडे तुम्ही आमची वाट पाहिली. नौबत जाहली. आम्ही आलो नाही. डावी बाजू आम्हांस न देता कालच्या पोरास दिल्ही, तो राग मनी धरून पथक जागचे हलविले नाही. तुमचे त्रेचाळीस माणूस पडले. मागाहून लोक म्हणू लागले, सुभानजीस भाऊबंदांची दया आली. ते खरे नव्हे. त्यांचे बोलणे मोडावे ते आम्ही मोडिले नाही, कां की ऐकावयास बरे वाटत होते. यास अकरा वर्षे जाहली. आता कोणाशी भांडण करवत नाही. तुम्हांपाशी यावे असे आहे. यावे की न यावे हे लिहावे."

एवढंच. खाली त्याची मोर्तब.

माझं पुस्तक 'न उपसलेली तलवार' तेव्हा दोन वर्षांचं होतं. तिसरी आवृत्ती छापायला गेली होती. गावोगावी मला याच विषयावर बोलायला बोलवत होते. आपापसातल्या भांडणात शस्त्र खाली ठेवणारा सरदार, ही गोष्ट लोकांना हवी होती, आणि ती मी सांगत होतो. एका सभेत एक म्हातारा माझ्या पाया पडून रडला होता. त्याचं त्याच्या भावाशी वीस वर्षं बोलणं नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, एका कागदासाठी हे कशाला मोडायचं? कागद मी लपवला नाही, फक्त कोणाला दाखवला नाही, असंही सांगितलं. अशी वाक्यं मला लवकर सुचतात.

फेब्रुवारीत तू प्रबंध घेऊन आलीस. तुझ्याकडे तो फारसी अहवाल होता, अचलपूरच्या मुनशीने लिहिलेला. मी म्हटलं, "एकच पुरावा, आणि तोही नक्कल. यावर मी सही करणार नाही."

तू म्हणालीस, "सर, चकमकीनंतर त्याच्याविरुद्ध एकही तक्रार सापडत नाही. अकरा वर्षं एकही नाही. असं कसं?"

"कागद हरवले असतील."

"कागद हरवले नाहीत सर. माणूस गप्प झाला."

त्या वाक्यावर मी चिडलो. ते बरोबर आहे हे मला माहीत होतं म्हणून चिडलो. मी विचारलं, "तुझ्या समाजातल्या जमादाराचे लोक मेले म्हणून तू सुभानजीला गुन्हेगार ठरवतेस का?" हे मी बोललो. तेव्हा तुझा चेहरा कसा झाला होता तो मला दिसतो. तू आवाज न वाढवता विचारलंस, "दुसरा पुरावा आणला तर सही कराल?"

मी म्हटलं, "आण. मग बघू."

दुसरा पुरावा त्याच खोलीत होता. तू बसली होतीस त्या खुर्चीपासून चार हातांवर, टेबलाच्या दुसऱ्या खणात.

त्यानंतर दोन वर्षं तू तो शोधत फिरलीस. परतवाड्याला गेलीस, अचलपूरच्या जुन्या घरांतून फिरलीस, नागपूरच्या दप्तरात बसलीस, हे सगळं मला आरती सांगायची. दर वेळी वाटायचं, उद्या बोलवून देऊ. मग तुझ्या नोंदणीची मुदत संपली. त्यावर मी विभागात काय म्हणालो तेही लिहितो, म्हणजे राहायला नको: "मुलगी हुशार होती, पण चिकाटी कमी पडली."

आताही मी आपण होऊन लिहिलं नाही. जुलैमध्ये धर्मेंद्रचा फोन आला. त्याची आई चतुराबाई हिला आठवण होती की घरातला एक कागद मास्तरांकडे आहे. कमानीच्या कार्यक्रमात तो काचेत लावायचा आहे, परत द्या, म्हणाला. म्हणजे कागद बाहेर येणारच होता. दुसऱ्या कोणी वाचण्याआधी मी तुला लिहिलं. माझ्या पहिल्या पत्रातला चांगुलपणा एवढाच होता.

माफी मागतो. रुख्मिणीला हे पत्र दाखवलेलं नाही.

शेखर ठोंबरे


साईनगर, अमरावती
३ ऑक्टोबर २०२५

अनीसा,

तू लिहावंस म्हणून हे लिहीत नाही. जे केलं ते तुला माहीत असावं, एवढ्यासाठी.

रविवारी मी वरूडमार्गे शेंदूरजनाघाटला जाऊन आलो. रुख्मिणी सोबत आली. मागचं पत्र न दाखवता पोस्टात टाकलं तेव्हाच तिने ओळखलं होतं की त्यात काय असेल.

गावंड्यांच्या वाडीत संत्र्याची तोड सुरू होती. धर्मेंद्रने खुर्च्या टाकल्या, चहा आणला, कमानीचं चित्र दाखवलं. वर घोडा, घोड्यावर सुभानजी, तलवार म्यानात. खाली माझ्याच पुस्तकातलं वाक्य. त्याची बायको पायल फोनमध्ये चित्रीकरण करत होती, कागद परत मिळाल्याचा सोहळा म्हणून. मी तिला म्हटलं, "आधी ऐकून घ्या, मग ठरवा." तिने फोन खाली केला.

मी कागद मोठ्याने वाचला. मग सोप्या भाषेत सांगितला. मग तो माझ्याकडे किती वर्षं होता तेही सांगितलं, आणि तुझं नाव घेऊन तुझ्या प्रबंधाचं काय केलं तेही.

धर्मेंद्रने कमानीचं चित्र पुन्हा पुढ्यात ओढलं. मग म्हणाला, "सर, पत्रिका वाटून झाल्या. आता कमानीवर काय लिहू मी? रुसून बसला अन् त्रेचाळीस माणसं मारली, असं लिहू?"

मी म्हटलं, "माझं वाक्य तरी काढून टाक."

"तुमी पहिलेच काहून नाही सांगतलं? माह्या बाबाले तुमी देवासारखं मानून राहिले होते का? नाही. तोच तुमाले मानत होता." तो उठून झाडांकडे गेला.

चतुराबाई इतका वेळ ओसरीवर बसून ऐकत होत्या. त्यांनी कागद मागितला. वाचता येत नाही, तरी दोन्ही हातांनी धरून बघत राहिल्या. मग मला विचारलं, "मास्तर, हे त्यानं सोताच्या हातानं लिहिलं?"

"हो."

"कोनी मांगं लागलं होतं?"

"नाही. कोणीच नाही."

"मंग लपवाचं काय हाय त्यात?" त्यांनी वाडीकडे तोंड करून हाक दिली, "धर्मा! ज्यानं केलं त्यानं सांगून टाकलं, तुले काहून लाज वाटून राहिली?" धर्मेंद्र वळला नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आमच्या यायनं, धर्माच्या बाबानं, जातानी इचारलं होतं, मास्तरनं कागद वाचला का म्हणून. म्या म्हटलं, वाचला अशीन." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कमानीचा कार्यक्रम पुढे ढकलला आहे. होईल तेव्हा मी येऊ नये, असा धर्मेंद्रचा निरोप काल आला. ते रास्त आहे.

बाकी दोन गोष्टी. प्रकाशकाला कळवलं की पुस्तकाची पुढची आवृत्ती नको, का नको तेही कळवलं. विद्यापीठाला लेखी निवेदन दिलं, तारखांसकट. तुझा प्रबंध माझ्या खोटेपणामुळे अडला, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. त्यांचं उत्तर काय येईल ठाऊक नाही. विभागातले दोघे जुने सहकारी फोन करून म्हणाले, या वयात हे कशाला उकरता. निवेदनाची पोच सोबत जोडली आहे.

आणि एक विनंती आहे. कागदाच्या पाठीवर तीन ओळी फारसी आहेत. मला फारसी येत नाही. इतक्या वर्षांत त्या कोणाला दाखवता आल्या नाहीत, कारण पाठ दाखवली की समोरची बाजूही दिसली असती. कागद परत करताना चतुराबाईंच्या परवानगीने फोटो काढून घेतला, तो पाठवतो. माझी समजूत अशी होती की सुभानजीने हे पत्र लिहिलं आणि पाठवलं नाही. नाहीतर त्याच्याच घरात कसं राहिलं? त्या समजुतीचा मला आधार वाटायचा. तोही माझ्यासारखाच, असं वाटायचं.

वाचून कळवावंस असं हक्काने म्हणायची माझी जागा उरलेली नाही. वाटलं तर वाच.

शेखर ठोंबरे


जठारपेठ, अकोला
१४ ऑक्टोबर २०२५

सर,

तुमची पत्रं मी शाळेतल्या स्टाफरूममध्ये वाचली, घरी नेली नाहीत. १८ सप्टेंबरचं वाचल्यावर दोन तास बाकी होते. आठवीला शिकवलं, नववीला शिकवलं, आणि मग घरी आले.

अब्बांचं गादी-रजईचं दुकान तुम्हाला माहीत आहे. मी अचलपूरला जायचे तेव्हा ते दुकान बंद करून सोबत यायचे, लोक एकट्या मुलीला घरात घेत नाहीत म्हणून. कागद मागायला मी आत, ते बाहेर पायरीवर. दोन वर्षं. नंतर जो येईल त्याला सांगायचे, "बेटी की किताब आनेवाली है." २०१९ ला गेले. शेवटच्या महिन्यात मी त्यांना सांगितलं, अब्बा, मीच सोडून दिलं, माझं मन लागत नव्हतं. कारण तुमच्यावर राग धरून त्यांनी जावं असं मला वाटत नव्हतं. म्हणजे तुमच्यासाठी मीही एक खोटं बोलले. याची भरपाई तुमच्या निवेदनाने होणार नाही. माफीबद्दल मी आज काही लिहीत नाही. जे वाटत नाही ते लिहिणार नाही.

समाजावरून बोललात ते तुम्ही स्वतः लिहिलंत, हे बरं केलंत. मला वाटलं होतं तुम्ही ते विसरला असाल.

आता फारसीबद्दल. फोटो तिरका आहे आणि तिसऱ्या ओळीवर सावली आहे, तरी लागतं. मुनशीचं अक्षर आहे, घाईतलं. मतलब असा:

"जमादार शेर महंमद मागच्या रजब महिन्यात वारले. मुलाने कागद वाचवून ऐकला. म्हणाला, ज्याचा आहे त्याला परत द्या, मला ठेवून घ्यायचा नाही. जासुदाहाती परत."

म्हणजे सुभानजीने पत्र पाठवलं होतं, सर. अकरा वर्षं लागली, पण पाठवलं. ते उशिरा पोचलं म्हणून परत आलं. तो तुमच्यासारखा नव्हता, निदान तेव्हा तरी नव्हता. तुम्हाला पंधरा लागली. पण मी आहे अजून, आणि तुमचं पत्र मी परत पाठवलेलं नाही.

विद्यापीठातून मला फोन आला होता. नव्याने नोंदणी करावी लागेल, मार्गदर्शक दुसरे. मी हो म्हटलं आहे. प्रबंधात तुमच्या पुस्तकाचा प्रतिवाद असेल, आणि हा कागद कुठे, किती वर्षं आणि का पडून होता याची एक टीप असेल. ती मी मऊ करणार नाही. प्रस्तावना, आशीर्वाद वगैरे काही नको.

मात्र मूळ कागद पाहिल्याशिवाय मी एक ओळही लिहिणार नाही. फोटोवर भरवसा ठेवू नका, हे तुम्हीच शिकवलं. मी चतुराबाईंना फोन केला. "ये माय, जेवाले ये," म्हणाल्या. धर्मेंद्रने फोन घेतला आणि विचारलं, मॅडम, तुम्ही तरी खरं लिहाल ना. मी म्हटलं, प्रयत्न करीन.

येत्या रविवारी सकाळी अकोल्याहून निघते. नऊला अमरावती स्टँडवर वरूडची गाडी पकडेन. मोडीचे दोन शब्द मला तुमच्यापेक्षा वेगळे लागतात. तुम्ही 'राग' वाचलं आहे ते नीट बघायला हवं. कागद समोर असताना तुम्ही तिथे असलात तर काम लवकर होईल. रुख्मिणीमावशींनाही आणा. धर्मेंद्रचं मी बघते.

यायचं असेल तर नऊच्या आधी या. भांडायचं असेल तर वरूडपर्यंत भांडून घेऊ, चतुराबाईंच्या घरात नको.

अनीसा